हळदीच्या दिवशी उमटलेले डाग

धाकट्या बहिणीच्या हळदीच्या आदल्या दिवशी मी रजा घ्यायला हवी होती. आईने तसं सांगितलंही होतं. पण त्या दिवशी माझ्याकडे एक जेल होतं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवायचं माझ्या जिवावर आलं.

मी तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या एका कॉलेजात, तिथल्या प्राध्यापक मॅडमच्या संशोधनावर मदतनीस म्हणून काम करत होते. आंबेगावच्या डोंगराकडच्या गावांतून आणलेलं नाचणीचं आणि वरईचं बियाणं आम्ही दळायचो, त्यातली प्रथिनं काढायचो आणि कुठल्या वाणात कुठलं प्रथिन आहे ते बघायचो. घोडेगावहून वर जाणारी एसटी धरून बियाणं गोळा करायला मीच जायचे. ते काम मला आवडायचं.

प्रथिनं डोळ्यांना दिसत नाहीत. जेल म्हणजे काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये गोठवलेला खरवसासारखा पातळ थर, फक्त पारदर्शक. त्यात एका टोकाला नमुने भरायचे आणि वीज सोडायची. लहान प्रथिनं पुढे पळतात, मोठी मागे रेंगाळतात. पण जेल बाहेर काढलं की हातात नुसती काच धरल्यासारखं वाटतं, कुठे काही नाही. मग ते रंगवावं लागतं. नेहमीचा रंग निळा. त्यात जेल बुडवून ठेवायचं, नंतर जास्तीचा रंग धुऊन काढायचा. सगळ्या खोलीला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो आणि हळूहळू निळ्या रेघा दिसायला लागतात. एवढं बिनधोक काम आहे की जेल रात्रभर रंगात विसरलं तरी काही बिघडत नाही.

जिथे प्रथिन अगदी कमी असतं तिथे निळ्याचं काही चालत नाही. तिथे चांदी लागते. सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात जेल ठेवायचं, बाहेर काढून झटकन धुवायचं आणि दुसऱ्या द्रावणात टाकायचं. मग पांढऱ्या ट्रेमध्ये त्या पारदर्शक थरावर एकेक तपकिरी रेघ उमटत जाते. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पण चांदी थांबत नाही. रेघा पुरेशा दिसल्या की लगेच आम्ल ओतून तिला थांबवावं लागतं. नजर हटली की रेघांमागची जागाही काळवंडत जाते आणि शेवटी जेलचा तवा होतो.

त्या दिवशी हातमोज्यांच्या खोक्यात माझ्या मापाचे उरले नव्हते. मोठे घातले. चांदीचं दाट द्रावण ओतताना उजव्या बोटांना ओल लागल्यासारखं वाटलं. पाणी असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. पुढे जेल शेवटच्या द्रावणात होतं, रेघा नुकत्या दिसू लागल्या होत्या, आणि आईचा फोन आला.

"अगं, पांढऱ्या साडीचा फॉल लावून आणलास का न्हाई?"

आमच्यात लग्नाला नवरी पांढऱ्या साडीत असते. विहारात बुद्धमूर्तीपुढे त्रिशरण, पंचशील होतं आणि हार घातले जातात. ती साडी जुन्नरच्या शिंप्याकडे होती आणि मी ती साफ विसरले होते. शिंप्याचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं, कोण आणू शकेल, असं बोलत मी खिडकीपाशी गेले. वळून बघितलं तोवर ट्रेमध्ये काळा चौकोन पडला होता.

मॅडम नेमक्या तेव्हाच आल्या. बरोबर पुण्याहून आलेले दोन पाहुणे प्राध्यापक होते आणि एमएस्सीची मुलं होती. त्यांना तेच जेल दाखवायचं होतं.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ट्रे हातात घेतला, हलवला आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "सॉरी हं. आमच्याकडे मनुष्यबळाची ही अवस्था आहे." मग माझ्याकडे वळून, "लग्न तुझ्या बहिणीचं आहे ना? मग तू इथे का आलीस? घरी जाऊन लाडू वळ. तुझ्या हाताला तेवढंच जमेल."

एक मुलगा फिसकन हसला. मी हातमोजे काढून डब्यात टाकले, नमस्कार केल्यासारखं काहीतरी केलं आणि बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले. डोळे बोटांनी पुसले, गाल पुसले, नाकही पुसलं. रुमाल पर्समध्ये होता आणि पर्स आत होती. आत जायची हिंमत नव्हती.

हिवाळ्याचे दिवस होते. साडी घेऊन मी आळेफाट्याची एसटी पकडली तेव्हा अंधार पडला होता. फाट्यावर पप्पांनी गॅरेज बंद करून माझी वाट पाहिली होती. ते ट्रकचे मिस्त्री. नाशिककडे आणि नगरकडे जाणारे ड्रायव्हर त्यांच्याकडे गाडी लावून चहा पितात, आणि त्यातल्या एकूण एकाला माहीत आहे की मिस्त्रींची थोरली पोरगी शास्त्रज्ञ आहे. हे पप्पाच सांगायचे. मी कधी खोडून काढलं नव्हतं. सुरुवातीला लाजेने आणि नंतर सवयीने.

"आज काय शोधलंस?" मोटारसायकलवर बसताना त्यांनी नेहमीसारखं विचारलं.

"चालू आहे," मी म्हटलं.

आमच्या गावी, बोरीला, घरी आल्यावर साबणाने तोंड धुतलं, आरशात पाहिलं. डोळे थोडे सुजले होते, बाकी काही नव्हतं.

सकाळी लवकर उठून मी अंगणात खुर्च्या लावल्या, मांडवाला झेंडूच्या माळा बांधल्या, उन्हात उभी राहून केटरिंगवाल्याला चुलीची जागा दाखवली. आई पाण्याची कळशी घेऊन आली आणि थबकली.

"तोंडाला काय लागलंय तुझ्या?"

तिने पदराने पुसलं. निघालं नाही. पदर ओला करून घासलं, तरी नाही. मी आत जाऊन आरशात बघितलं. दोन्ही डोळ्यांखाली काळपट जांभळे डाग होते. उजव्या गालावरून एक ओघळ खाली आला होता. वरच्या ओठावर एक पट्टा. मग मी हात पाहिले. उजव्या हाताच्या बोटांची टोकं आणि नखं काळी पडली होती.

काय झालं ते मला तिथेच कळलं. चांदी कातडीला लागते तेव्हा दिसत नाही, तिला उजेड लागतो, ऊन लागतं. त्यात आसवांचं मीठ मिळालेलं. ती डोळ्यांत गेली नाही हे नशीब. पण मी काल जिथे जिथे आसवं पुसली होती, तिथे तिथे आज ती उमटली होती. आणि हेही मला माहीत होतं की हा डाग धुऊन जात नाही. वरची कातडी झडेल तेव्हाच तो जाईल.

माहीत असूनही मी साबण लावला, लिंबू घासलं, बेसन लावलं, बहिणीचं क्रीम लावलं. त्याने एवढंच झालं की भोवतालचं कातडं लालबुंद झालं आणि डाग आणखी उठून दिसायला लागले.

बहीण हळदीच्या पाटावर बसायच्या तयारीत होती. तिने माझं तोंड हातात धरून पाहिलं. "ताई, दुखतंय का गं?"

"नाही. चांदी आहे."

"चांदी? मग मलाच लावायची की," ती हसली. मग तिला दिसलं की मी हसत नाहीये.

मी मागच्या खोलीत बसायचं ठरवलं होतं. पण मोठ्या बहिणीशिवाय हळद लावायची कशी, असं सगळ्याच म्हणू लागल्या, आणि मला मांडवात यावं लागलं. मी ओढणी गालावर ओढून घेतली होती. बायका आधी बघायच्या, मग बघितलंच नाही असं दाखवायच्या, मग एकमेकींकडे वळायच्या. मी पातेलं घेऊन त्यांच्या मागून जाताना ऐकलं.

"धाकटीचं आधी करत्यात ना. थोरलीला कसं सोसंल?"

"म्हणून काय मारायचं व्हय? एवढी शिकलेली पोर."

गेलं वर्षभर मला स्थळं येत होती आणि मीच नको म्हटलं होतं. बहिणीचं जमलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. हे कुणाला सांगणार? पातेलं ठेवून मी मागे वळले तर पप्पा खांबाला टेकून उभे होते. त्यांनीही ऐकलं होतं. ते माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "तू जरा आत बसती का? पावणं येत्यात." आणि पाण्याच्या टाकीकडे निघून गेले.

मी आत जाऊन बसले. बाहेर डीजेवाल्याने हिंदी सिनेमातलं गाणं लावलं होतं.

घोडेगावहून नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. त्यांत नवऱ्याची आत्या होती, साठीच्या पुढची, उंच, पंचायत समितीत शिपाई म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली. साखरपुड्यात आत्यांनीच मला शेजारी बसवून घेतलं होतं आणि बियाणं कसलं गोळा करतेस म्हणून विचारलं होतं. हळद लावून झाल्यावर त्यांनी विचारलं असणार, थोरली कुठे आहे. कुणीतरी खोली दाखवली असणार. दार ढकलून त्या आत आल्या आणि मी ओढणी ओढायच्या आत त्यांनी मला पाहिलं.

त्या खाली माझ्याजवळ बसल्या.

"कुणी हात उचलला?"

"नाही हो आत्या. केमिकल लागलंय. कॉलेजात काम करताना."

"केमिकल." त्यांनी माझा चेहरा उजेडाकडे वळवला. "माझ्या बी डोळ्याखाली असंच व्हायचं. मी हापिसात सांगायची, रात्री दार लागलं. आमच्या वेळंला दार व्हतं, तुमच्या वेळंला केमिकल आलं."

"खरंच सांगते."

"मी बी खरंच सांगायची."

त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला आणि त्या उठून बाहेर गेल्या. मला वाटलं, विषय संपला. मी त्यांच्या मागे गेले नाही. गाणं संपल्यामुळे मधल्या शांततेत त्यांचा आवाज मला आतपर्यंत स्पष्ट ऐकू आला.

"पावणं, एक इचारू का? राग मानू नका. आमी तुमची पोरगी सून म्हणून न्यायला आलोय. पन तुमच्या थोरल्या पोरीवर हात कुणी टाकला ते मला कळलं पायजे."

मी दारात आले. पप्पा हातात पाण्याचा जार घेऊन मांडवाच्या मधोमध उभे होते. जन्मात त्यांनी आम्हाला चापट मारली नव्हती. लहानपणी आई कधी रागावून धावली की आम्ही त्यांच्या मागे लपायचो. "मी? नाय ओ... मी कधी..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याबरोबर सगळ्यांनीच पाहिलं.

मला लगेच बोलायला हवं होतं. मी आधी ओढणी सारखी करत बसले. तेवढ्या वेळात पप्पांची मान खाली गेली, ते मी अजून विसरू शकत नाही.

मग मी मांडवात जाऊन आत्यांपुढे हात धरले. "हे बघा. बोटं बघा. नखं बघा. मार लागला तर नखांवर असा डाग पडतो का?"

त्यांनी बोटं पाहिली. अंगठ्याने घासून पाहिली. "मग डोळ्याखाली कसं गेलं?"

"याच हाताने डोळे पुसले."

"का?"

"रडत होते."

"का रडत व्हतीस?"

माझ्यासमोर सगळं गाव होतं. पप्पांच्या गॅरेजवर चहा पिणारे दोन ड्रायव्हरसुद्धा मुद्दाम हळदीला आले होते.

"मॅडमनी झापलं म्हणून," मी म्हटलं. "माझ्या हातून काम बिघडलं. पाहुण्यांसमोर बोलल्या मला."

"पन तू तर शास्त्रज्ञ हायेस ना?"

"नाही. मी मदतनीस आहे. सहा महिन्यांच्या नेमणुकीची ऑर्डर असते. पुढची मिळेल की नाही ते माहीत नाही."

कुणी हसलं नाही. कुणी हसलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मांडवातले सगळे एकदम आपापल्या कामाला लागले. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी डीजेवाल्याला हाक मारली. पप्पांनी जार खाली ठेवला.

आत्यांनी त्यांच्यापुढे हात जोडले. "माफ करा पावणं. चुकलं माझं. लई मोठं बोलली मी."

"चुकलं काय त्यात," पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "इचारलं ते बरं केलं. आमच्या पोरींना कुणी इचारणारं हाय, एवढं तरी कळलं."

ते खरंच असं म्हणाले. त्यानंतर ते मांडवाच्या मागे गेले आणि जेवणं सुरू होईपर्यंत कुणाला दिसले नाहीत. मी त्यांना शोधायला गेले नाही. काय बोलणार होते?

तेवढ्यात बहीण पाटावरून उठून आली, हळदीने माखलेली, आणि तिने दोन्ही हातांनी माझे गाल भरून टाकले. काळ्यावर पिवळं बसून हिरवट काहीतरी झालं. ते बघून तीच हसत सुटली, मग आई हसली, आणि मग मीही. पण हसताना मला सतत वाटत होतं की आता हे सगळे घरी जाऊन काय बोलतील.

दुसऱ्या दिवशी विहारात लग्न लागलं. मी पांढऱ्या साडीतल्या बहिणीच्या मागे उभी होते, न लपता, कारण लपायला आता काही उरलं नव्हतं. फोटोग्राफर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, टेन्शन घेऊ नका, तुमचा चेहरा क्लीन करून देतो." अल्बम आला तेव्हा त्याने शब्द पाळला होता. त्यात माझे गाल इतके गुळगुळीत आणि गोरे आहेत की मीच मला ओळखू येत नाही.

लग्नानंतर मी कॉलेजात गेले. डाग अजून होते, कडेने फिकट व्हायला लागलेले. वाटेत शिपाई, क्लार्क, मुलं, सगळ्यांनी विचारलं आणि मी सगळ्यांना केमिकल सांगितलं. मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकल्या होत्या. त्यांनी मान वर केली. बोलायला तोंड उघडलं आणि त्या थांबल्या.

चांदीने त्यांनी आयुष्यभर जेलं रंगवली होती. त्यांची स्वतःची बोटं कितीदा काळी झाली असतील. त्या माझ्या डोळ्यांखालच्या डागांकडे पाहत राहिल्या, मग ओघळाकडे, मग ओठाकडे. त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. चांदी कुठून आली, कधी लागली, बोटं कुठून कुठे फिरली, हे सगळं त्यांना माझ्या तोंडावर वाचता येत होतं. त्यांचा चेहरा उतरला. वाटलं होतं त्याच्या उलट झालं. मला बरं वाटलं नाही. कुणी माझे कपडे उतरवून मला पाहतंय असं वाटलं, आणि तिथून पळून जावंसं वाटलं.

"नमुना शिल्लक आहे का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"थोडा आहे. फ्रीजरमध्ये."

"मग परत लावूया. मी थांबते तुझ्याबरोबर."

त्या थांबल्या. शेवटच्या द्रावणाच्या वेळी त्यांनी माझा फोन मागून घेतला आणि स्वतःच्या एप्रनच्या खिशात ठेवला. आम्ही दोघी ट्रेवर वाकून उभ्या होतो. रेघा आल्या. एका वरईच्या नमुन्यात शेजारच्या कुठल्याच नमुन्यात नसलेली एक बारीक रेघ होती. मॅडम म्हणाल्या, "बस," आणि मी आम्ल ओतलं. त्या दिवसाबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. पुढची ऑर्डर मला मिळाली. ती कामामुळे मिळाली की त्या डागांमुळे, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही, आणि तो विचार आला की अजूनही कान तापतात.

पप्पा आता ड्रायव्हरांना माझ्याबद्दल फारसं सांगत नाहीत. कुणी विचारलंच तर "कॉलेजात असती" म्हणतात. एकदा मी गॅरेजवर डबा द्यायला गेले असताना त्यांनी विचारलं, "ती मॅडम अजून बोलती का गं तुला?" मी नाही म्हटलं. त्यांनी पान्याला फडकं गुंडाळलं, बोल्ट सैल केला आणि म्हणाले, "मला तवाच सांगायचं व्हतंस की, गाडीवर बसताना." मी डबा त्यांच्याजवळ ठेवला.

बहीण घोडेगावात नांदते आहे, बरी आहे. बियाण्यासाठी डोंगराकडे जायचं असलं की एसटी सुटेपर्यंत मी तिच्याकडे थांबते. आत्या शेजारच्याच घरात राहतात. मी आल्याचं कळलं की त्या येतात, पोहे होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलतात. गेल्या खेपेला बहीण चहा टाकायला आत गेली, तेव्हा त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"त्या दिवशी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "खरंच केमिकल व्हतं ना गं?"

"खरंच होतं आत्या."

त्यांनी मान हलवली. पण हात माझ्या गुडघ्यावर ठेवला तो चहा येईपर्यंत काढला नाही.